सातपुडा ते अजिंठा, सात फोटोंत

१४ सप्टेंबर १९८९, जळगाव

दहावी ब. तापीचं खोरं. फळ्यावर वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधे तापी. एकोणीस वर्षं हीच आकृती, आता हात आपोआप फिरतो. "मधली जमीन खचली आणि नदीला वाट मिळाली" इथवर आले तोच मेहरूणची वैशाली उभी राहिली.

"बाई, दोन्ही डोंगर एकदम दिसतात का कुठून?"

दिसतात म्हटलं.

"तुम्ही पाहिलेत?"

हो म्हटलं.

खोटं. सातपुडा गच्चीवरून दिसतो, पावसानं आभाळ धुतलं की. अजिंठ्याचे डोंगर पाचोऱ्याला माहेरी जाताना गाडीच्या खिडकीतून. दोन्ही एका नजरेत कधीच नाही. पुस्तकात वाचलं आणि फळ्यावर काढलं, एवढंच. "नाही" म्हणायला "हो" पेक्षा कितीसा वेळ जास्त लागला असता?

१५ सप्टें.

नवऱ्याला, म्हणजे वि.ना, सांगितलं. हसले. "एवढंच ना? जाऊन बघून ये. मग खरं होईल."

मग खरं होईल, पण काल खोटंच होतं. हे त्यांना पटत नाही. पाटबंधारे ऑफिसातला ड्राफ्ट्समन. चूक झाली की ब्लेडनं खरवडायची आणि वरून नवी रेघ मारायची. मला खरवडल्याचा डाग दिसत राहतो.

१९ सप्टें.

मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिका, आमच्या सगळ्यांच्या मोठ्या बाई) भूगोलाच्या नव्या खोलीची उत्तरेची भिंत मला देऊन टाकली. "काहीतरी चांगलं लावा. नकाशे नकोत, नकाशे आहेतच."

बोलून गेले, "खोऱ्याचा फोटो लावू. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"वा! वर्गाला सांगून टाका."

सांगून टाकलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनंही. आता माघार नाही. खोलीत फोटो लागेल तेव्हा खरं काय ते त्याच्याखाली उभं राहून सांगायचं, असं स्वतःला बजावलं आहे. इथे लिहून ठेवते म्हणजे पळवाट उरणार नाही.

२६ सप्टें.

भाऊजींकडून रशियन कॅमेरा आणला. वजन पाट्यावरच्या वरवंट्याएवढं. त्यांनी तासभर शिकवलं. काटा मधे आला की प्रकाश बरोबर. काटा मधे येतो तोवर हात हलतो.

वि.चं म्हणणं, पाल घाटातून दिसेल. सर्व्हेला असताना ते एकदा तिथून गेले होते. "अजिंठा दिसला होता?" विचारलं तर म्हणाले, "आम्ही तेव्हा खाली बघत होतो. खुंट्या मारत."

२ ऑक्टोबर

आज गेले!

शिंदेबाई (आमच्या मराठीच्या) सोबत. रावेरहून पालची बस. घाटाच्या वरच्या वळणावर उतरलो. कंडक्टर म्हणाला, "बाई, इथं काहीच नाही." रस्ता सोडून थोडं चढलो. साग, अंजन, मधे कुसळी गवत. एक उघडा माथा लागला, ताटासारखा गोल.

काय लिहू. खाली सगळं खानदेश पसरलेलं. केळीच्या बागांचे काळसर हिरवे चौकोन, त्यांच्यामधे काळी मोकळी शेतं, मग तापीच्या काठच्या घळी, कुरतडल्यासारख्या. नदी अशी दिसतच नाही, घळींवरून समजते. उजवीकडे हातनूर धरणाचं पाणी, एक चकाकती पट्टी. आणि पार पलीकडे, आभाळाच्या बुडाशी, पेन्सिलीची एक हलकी रेघ. अजिंठा! मी शिंदेबाईंचा दंड एवढ्या जोरात धरला की त्या म्हणाल्या, "अहो बाई, बांगडी फुटेल."

एकोणीस वर्षं फळ्यावर दोन्हीकडे सारखेच त्रिकोण काढते आहे. चूक. हा सातपुडा म्हणजे पायाखालची भिंत, तो अजिंठा म्हणजे लांबवर आडवी पडलेली पाठ.

एक घार आमच्या खाली उडत होती. घारीची पाठ मी जन्मात प्रथम पाहिली. तेव्हा कळलं आपण किती उंच आहोत आणि ही जमीन किती खाली बसली आहे ते.

रोल संपवला. शिंदेबाईंनी डब्यातला ठेचा आणि दशम्या काढल्या. आम्ही दोघी बेचाळीस-पंचेचाळीसच्या बाया त्या माथ्यावर ओरडून आपलीच नावं पुकारत होतो. प्रतिध्वनी आला नाही. पुढे काही अडवायलाच नव्हतं.

७ ऑक्टो.

फोटो आले. चार! छत्तीसच्या रोलमधून चार!

स्टेशनजवळच्या स्टुडिओतले आबा मूळ पारोळ्याचे. सगळ्या जळगावची लग्नं त्यांच्या हातून गेलेली. निगेटिव्ह उजेडाकडे धरून कुठले छापायचे ते स्वतःच ठरवतात, गिऱ्हाइकाचं नुकसान नको म्हणून. पाकीट उघडलं तर शिंदेबाई खडकावर, शिंदेबाई सागाखाली, शिंदेबाई दशमी खाताना, शिंदेबाई डोळे मिटून.

"आबा, बाकीचे?"

"बाई, बठ्ठा रोल मोकळाच शे! माणूस कोठे शे?"

अख्खा रोल म्हणे रिकामा. म्हटलं माणूस नकोच होता, डोंगर हवा होता.

"डोंगर ना?" आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी म्हनं, चुकीसन बटन दबाई गयं व्हई."

बत्तीस वेळा चुकून! त्यांच्या तोंडावर मला वाचवल्याचा इतका आनंद होता की रागवता येईना. वर शिंदेबाईंचा एक फोटो मोठा करून, कोपरे गोल कापून, भेट दिला.

निगेटिव्ह परत दिल्या. सगळे छापा म्हटलं. आबांनी मान हलवली, वैद्यानं हट्टी रोग्यापुढे हलवावी तशी.

११ ऑक्टो.

सगळे आले. काल दसऱ्याचं सोनं देऊन-घेऊन पाहुणे गेल्यावर जेवणाच्या टेबलावर पसरले. आज पुन्हा.

रडू येईल असं काही नाही, पण आनंदही नाही. ती उंचीच कुठे गेली? फोटोत सपाट शेत आहे, वर पांढरं आभाळ. दुपारी बाराला काढले, दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे सूर्य समोर. सगळं दुधात बुडालेलं. अजिंठ्याची रेघ एकाही फोटोत नाही. एका फोटोत शेतं हिरवी, दुसऱ्यात पिवळी. आणि कुठला फोटो कुठल्याच्या शेजारचा तेच कळेना. सपाट, सपाट, सपाट. शिंदेबाई मान कलती करून म्हणाल्या, "हा त्याच्या आधीचा वाटतो. नाहीतर तोच आहे."

वि. बराच वेळ बघत उभे. मग हात मागे बांधून, साहेबासारखे, म्हणाले, "तू खुणाच ठेवल्या नाहीस. आम्ही नकाशाचं एकेक पान करतो तेव्हा प्रत्येक पानाला नंबर असतो. आणि शेजारच्या पानाचा थोडा भाग याच्यात यावा लागतो. हे सगळे तुकडे अनाथ आहेत."

"मग तुम्हीच चला."

"चलतो की."

इतक्या सहज म्हणाले. चहात साखर जास्त घातली मी.

१४ ऑक्टो., रावेर

अर्ध्या दिवसाची शाळा करून निघालो. वि.च्या जुन्या सर्व्हेतले सोबती भास्करभाऊ यांच्या मळ्यावर मुक्काम. सकाळचा उजेड हवा. काल परतीच्या पावसाची एक सर पडून गेली, त्यामुळे हवा स्वच्छ. भास्करभाऊंची बायको इंदूअक्का मला विचारतात, "डोंगराचे फोटो काढाले एवढ्या लांबून आल्या व माय? आमी तं रोजच पाह्यतो."

"वरून पाहिलंय का कधी, अक्का?"

"वर कायले जाऊ? वर केळी आहेत का?"

वि. अंगणात कागदावर अर्धवर्तुळ काढून त्याचे सात भाग पाडत आहेत. कोनमापक घरून आणला होता म्हणे. मला न सांगता.

१५ ऑक्टो., सकाळ (इंदूअक्कांच्या ओट्यावर लिहिते आहे)

झालं! झालं! आधी लिहून घेते, मग भरीत.

उजाडता उजाडता भास्करभाऊंच्या जीपनं वर. माथ्यावर दव. आणि अजिंठा रेघ नाही, चक्क डोंगर! घड्या दिसत होत्या त्याच्या. मी नुसती बघत राहिले. वि. म्हणाले, "बघणं नंतर. उजेड थांबणार नाही."

त्यांची योजना अशी. मी माथ्याच्या मधोमध, कॅमेरा तिवईवर (जीपच्या पाठीमागची लोखंडी घोडी आणि तिच्यावर गोणपाट). ते कडेनं चालत जाणार. पूर्वेकडून पश्चिमेकडे सात जागा. प्रत्येक जागी उभं राहून बोटांनी नंबर दाखवायचा, म्हणजे फोटोंचा क्रम चुकणार नाही. पहिल्याला एक बोट, दुसऱ्याला दोन.

"बोटं दिसतात का?" ते ओरडायचे.

"आणखी वर करा! शेतात मिसळतात!"

"आता?"

"आता आभाळावर आली. छान दिसतात! हलू नका!"

सातच्या सात झाले. एकेकाला मी श्वास धरून ठेवला. पाचव्याला त्यांची टोपी उडाली आणि ते पाच बोटं तशीच ठेवून दुसऱ्या हातानं ती धरायला गेले. मी हसले, कॅमेरा हलला, पुन्हा काढला. सहाला दोन्ही हात लागले. नवरा इतका वेळ माझ्या सांगण्यावरून हात वर करून उभा राहिला, हे शिंदेबाईंना सांगायला हवं.

मग ते बाजूला झाले. पुन्हा सात काढायचे होते, नंबराशिवाय, तेच भिंतीवर लागणारे. पण ऊन वर आलं आणि बघता बघता तापीच्या घळींतून धुरकट काहीतरी उठलं. पंधरा मिनिटांत अजिंठा गेला. जणू कुणी फळा पुसला. थांबलो, थांबलो. नाही आला.

वि. म्हणाले, "हरकत नाही. नंबराची पट्टी खालून कापून टाकू. नकाशाचा समास कापतो तशी."

पटलं मला. दोघंही खुशीत. खाली आलो तर अक्कांनी तुराट्यांवर वांगी भाजायला घातलेली. लिहिणं पुरे.

२० ऑक्टो.

आबांचा चेहरा काय फुलला होता! पाकीट दोन्ही हातांनी दिलं. "आते कसं! हरेक फोटूमा सायेब शेत." प्रत्येकात साहेब आहेत म्हणून काही न सांगता सगळे छापले, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती. रंगही सगळ्यांचा एकसारखा काढून घेतला. "सायेबना तोंडना रंग बदलाले नको," म्हणून! मी इतके दिवस रंगासाठी डोकं फोडत होते.

२१ ऑक्टो.

टेबलावर सात फोटो शेजारी शेजारी. कडा जुळल्या. घळीला घळ मिळाली, बागेला बाग. केळीचा एक चौकोन दोन फोटोंत अर्धा अर्धा होता, तो एक झाला. डावीकडून उजवीकडे सगळं खोरं, आणि वर, न तुटता, अजिंठा. मी पुन्हा त्या माथ्यावर होते.

वि.नी पोलादी पट्टी आणि ब्लेड घेतलं. खालची पट्टी कापायला. पट्टी ठेवली. उचलली. जरा वर ठेवली. पुन्हा उचलली.

"सुमन."

"काय?"

"मी कापला जात नाही."

खरंच. पाय गवतात, कंबर केळीच्या बागांत, डोकं तापीच्या पलीकडे, आणि बोटं थेट अजिंठ्यावर. मीच ओरडले होते, आणखी वर करा, आणखी वर करा. त्यांना कापायचं तर सगळं खोरं कापावं लागेल.

सात विनायक. सातपुड्याच्या कडेवर ओळीनं. पहिला शाळेतल्या पोरासारखा लघवीला जाऊ का विचारणारा, दुसरा निवडून आलेला, पाचवा आशीर्वाद देणारा, सातवा कुणाला तरी "नको, पोट भरलं" म्हणणारा.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी मी सुरू झाले की ते, आठवत नाही. ते खुर्चीवरून घसरले. शेजारच्या काकू विचारायला आल्या.

नंतर, हसू संपल्यावर, विचार आला: कॅमेऱ्यातून बघताना मला ते दिसले कसे नाहीत? दिसत होते की. बोटं मोजत होते मी. माणूस बघत नव्हते. आबा पाहतात तो माणूसच, मी पाहते ती फक्त जमीन. दोघांचंही अर्धंच.

२३ ऑक्टो.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं खोरं घेऊन वर्गात गेले. वि. म्हणाले होते, "नेऊ नकोस, माझी शोभा होईल." मग स्वतःच पुठ्ठ्याला सुतळी बांधून दिली.

आधी सांगितलं. फोटो उलटा ठेवून, मगच. "सप्टेंबरात वैशालीनं विचारलं होतं, तुम्ही पाहिलंय का. मी हो म्हटलं होतं. पाहिलं नव्हतं. त्यानंतर पाहिलं, दोनदा. फळ्यावर काढत होते ती आकृतीही चूक होती, दोन्ही डोंगर सारखे नाहीत."

बेचाळीस जोड डोळे. वैशाली खाली बघत होती. तिलाच अपराध्यासारखं झालं असावं. हे मी गृहीत धरलं नव्हतं.

मग फोटो सुलटा केला.

तो हशा! शेजारच्या वर्गातून शिंदेबाई धावत आल्या, आणि दारातच बसल्या.

पण पुढे जे झालं ते माझ्या हिशेबात नव्हतं. मुली पुढे येऊन बघू लागल्या. "तीन बोटांवाल्या काकांच्या कानाजवळ काय आहे?" "घळ आहे ती, तापीची." "मग नदी कुठंय?" "काकांच्या मानेमागे." "सहा बोटांवाल्या काकांच्या कोपरावर पाणी आहे, बाई!" "हातनूर!" "काका एवढे मोठे आणि झाडं एवढी लहान, म्हणजे केवढं खाली असेल ते!" हे शेवटचं वैशाली म्हणाली.

खोली. जी मला कॅमेऱ्यात पकडता येत नव्हती. माझ्या नवऱ्यामुळे आली, आणि मी त्याला ब्लेडनं कापायला निघाले होते.

२४ ऑक्टो.

सुट्टी लागली तरी शाळेचं ऑफिस उघडं. मोठ्या बाईंनी फोटो बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. "सुंदर आहे हो. पण मुलींच्या शाळेच्या भिंतीवर सात पुरुष?"

"एकच आहे, बाई."

"ते पाहुण्यांना कोण समजावणार?" हसल्या मात्र. "साधा मिळतो का बघा. नाहीतर गॅदरिंगच्या वेळी ठरवू."

तोवर पुठ्ठा कपाटावर. पण मी वर्गात काही कबूल केलं हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. जाताना म्हणाल्या, "एवढं सांगायला हवं होतं का? मुलींचा विश्वास..." वाक्य अर्धं सोडलं. मी ते घरी आणलं. हवं होतं का? माझ्या मनाचा भार उतरला खरा, तो वैशालीच्या डोक्यावर तर नाही ठेवला?

१७ नोव्हेंबर

शाळा सुरू. निवडणुकीच्या ड्यूटीचे कागद आले, शिंदेबाईंना लांबचं गाव, त्या चिडलेल्या.

वैशाली मधल्या सुट्टीत आली. बरोबर चौघी. "बाई, आमच्या वर्गानं ठरवलंय. आपण तिथं जायचं."

"कुठं?"

"काकांच्या तिथं."

२८ नोव्हें.

मोठ्या बाईंची परवानगी! अट: शिंदेबाई हव्यात, आणि घरून चिठ्ठी. बेचाळीसपैकी एकोणचाळीस चिठ्ठ्या आल्या. आबांना कळलं, म्हणतात मी येतो, बठ्ठ्या पोरींचा एक ग्रुप फोटो, डोंगर मागे "थोडासा" घेऊ. वि.नी कोनमापक काढून ठेवला आहे. साधा फोटो काढायचा, नंबराशिवाय. भिंतीसाठी. पण ते आतापासून हात वर करून बघतात आरशात.

२ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी गच्चीवर गेले. सातपुडा दिसत नाही. थंडी पडली की धुरकं धरतं, आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत असंच. इथून सातपुडा नाही, तर तिथून अजिंठा कुठला? सप्टेंबरपासून ज्याच्यासाठी धडपडले ते उद्या तिथे नसेल, बहुतेक.

शाळेत शेवटच्या तासाला मुलींना सांगूनच टाकलं. उद्या तापी दिसेल, हातनूर कदाचित दिसेल. अजिंठा दिसेलच असं नाही. तरी यायचं का?

मग वैशाली, बसूनच, डबा बंद करता करता, "येऊ ना बाई. नाही दिसला तर नाही दिसला म्हणून सांगू."

"कोणाला गं?"

"कोणी विचारलं तर."

बाकीच्या लगेच दशम्यांचं ठरवायला लागल्या, कोण ठेचा आणणार, कोण शेव. मी खडू हातात घेऊन उभी. काय शिकवायचं होतं तेच आठवेना, इतकं बरं वाटत होतं.

बस सहाला. कॅमेऱ्यात नवा रोल घातला आहे. छत्तीस.